मातीचा बैल आणि मातीचा हक्क

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत बेंदूर वर्षातून दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर आणि त्यानंतर महिन्याभराने, आषाढात, महाराष्ट्रीय बेंदूर. ही दुहेरी गणना या सीमावर्ती मुलखाच्या स्वभावाला शोभणारीच आहे, आणि देशावर इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा साजरा होतो तोवर येथील बैलांची शिंगे रंगवून, अंगावर झुली चढवून, कर तोडून कधीच झालेले असते. ज्याच्या दावणीला जनावर आहे तो त्या जनावराची पूजा करतो; ज्याच्या दावणीला नाही, आणि शहरात तर आता दावण असलेले घर शोधावेच लागेल, तो कुंभाराकडून मातीच्या बैलांची जोडी आणून पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो, आणि दिवस मावळण्यापूर्वी ती जोडी पाटावरून उतरून मुलांच्या हाती गेलेली असते. सकाळी दैवत आणि संध्याकाळी खेळणे, असा हा एकाच वस्तूचा दुहेरी संसार आहे. आणि घरातील वडील माणसांना त्यात कधीही काही गैर वाटलेले नाही.

हा बैल आव्यात भाजलेला नसे. उन्हात वाळवलेली ती कच्ची माती असे. म्हणून एके दिवशी त्याचे शिंग तुटे, दुसऱ्या दिवशी वशिंड निखळे, आणि श्रावणाच्या सरी ओसरण्यापूर्वी तो अंगणाच्या कोपऱ्यात किंवा विहिरीच्या काठी विरघळून ज्या मातीतून आला त्याच मातीत मिसळून जाई. निसर्गाला बाधा न आणणारी द्रव्ये खेळण्यांसाठी वापरावीत, वस्तूचा शेवट कोठे आणि कसा होणार याचा विचार ती घडवण्याआधीच करावा, असे आज जगभरचे कारखानदार आणि सरकारे जे सांगू लागली आहेत ते सारे या बैलाने कोणत्याही उपदेशावाचून पिढ्यानपिढ्या पाळले. परंतु एवढ्यावरून पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे गाऊन थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. तो बैल मातीत मिळत असे यामागे कोणाचे निसर्गप्रेम नव्हते. गावच्या तळ्यातील गाळ नेण्याचा कुंभाराला हक्क होता, खळ्यावरच्या धान्यात त्याचा वाटा होता, आणि या दोहोंच्या बदल्यात वर्षाकाठी ठरलेल्या वस्तू घरोघर पोहोचवणे त्याच्यावर बंधनकारक होते. ही व्यवस्था टिकली तोवर ते खेळणे टिकले, ती मोडली तसे खेळणेही पालटले. तेव्हा ज्यांना ते खेळणे आज परत हवे आहे त्यांनी त्या व्यवस्थेचे काय झाले याची विचारपूस आधी केली पाहिजे.

कोल्हापुरात जुन्या काळच्या लहान आकृतींचा माग काढू लागल्यास पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीपाशी जावे लागते. या टेकडीवर १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, आणि १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताने सातवाहनकाळी येथे पक्क्या विटांच्या घरांची, दूरदेशीच्या व्यापाराशी संबंध असलेली एक संपन्न वसाहत होती हे विद्वानांपुढे मांडले. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचा जन्मही ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंच्या निमित्तानेच झाला. तेथील समुद्रदेव पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ती जगप्रसिद्ध आहे. तिच्याइतका गाजावाजा न झालेला, पण माझ्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा, असा दुसरा कांस्यविशेष म्हणजे पाठीवर माणसे वाहून नेणारा एक छोटासा हत्ती. त्याला खेळणे म्हणावे की शोभेची वस्तू, यावर वाद घालता येईल. घरात मूल असेल तर शोभेची वस्तू किती काळ शोभेची राहते, हे मात्र वाद घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. याच सातवाहनांच्या राज्यात तेर, पैठण, कोंडापूर अशा नगरांतून पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांत दाबून मग जोडलेल्या पोकळ आकृती घडवल्या जात, आणि त्यांतील नाजूक अलंकार व केशरचना पाहिल्या म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर मातीच्या एवढ्याशा गोळ्यावर किती श्रम खर्ची घालीत होता याचा विस्मय वाटतो.

येथे इतिहासकाराची एक अडचण सांगितली पाहिजे. कांसे टिकते, भाजलेली माती टिकते, आणि जे टिकते तेच उत्खननात हाती लागते; पण उन्हात वाळवलेल्या मातीचा बैल, जोंधळ्याच्या धाटाची गाडी, चिंध्यांची बाहुली यांचा मागमूसही शे-दोनशे वर्षांनी उरत नाही, मग सहस्रकाची गोष्ट दूरच. जे खेळणे सृष्टीला सर्वांत निरुपद्रवी, ते इतिहासाला सर्वांत निरुपयोगी, असा हा विचित्र न्याय आहे. दफ्तरांचा आधार घ्यावा तर तेथेही निराशाच पदरी येते, कारण दफ्तर हे महसुलाचे असते, आणि चार बोटे उंचीच्या बैलापासून कोणत्याही सरकारला महसूल मिळालेला नाही. पुराव्याच्या या दुष्काळात वाङ्मय मात्र थोडे साह्य करते. शूद्रकाच्या ज्या नाटकाला गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्या ‘मृच्छकटिका’चे नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडले आहे; शेजारच्या श्रीमंत मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन आपली मातीची गाडी नाकारतो आणि वसंतसेना त्या गाडीत आपले अलंकार भरते, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मातीचे खेळणे ही गरिबाची गोष्ट आणि चकाकणारे खेळणे ही प्रतिष्ठेची, हा भाव शूद्रकाच्या काळीही होता असे यावरून दिसते. आणि पुढे ज्या बाजाराने कुंभाराला हरवले तो याच भावावर पोसला गेला.

आता कुंभाराकडे वळू. कोल्हापुरात पापाची तिकटी, गंगावेश, शाहूपुरी आणि बापट कॅम्प या भागांतील कुंभारवस्त्या प्रसिद्ध आहेत, आणि आज त्यांची ख्याती मुख्यत्वे गणेशमूर्तींमुळे असली तरी कुंभाराचे वर्ष पूर्वी एका सणाने भरत नसे. बेंदराला बैल, नागपंचमीला नाग, हरताळकेला मूर्ती, नवरात्रात घट, संक्रांतीला सुगडी, दिवाळीला पणत्या आणि मुलांनी अंगणात रचलेल्या किल्ल्यावर मांडायचे मावळे, असे त्याचे पंचांग होते; त्यातच भातुकलीच्या चुली, जाती, मडकी आणि पाटेवरवंटे जाता जाता घडत. चाकावर मोठे मडके उतरवून झाल्यावर जो गोळा उरे त्याची खेळणी होत. त्यांच्यासाठी वेगळी माती कोणी आणीत नसे. माती तळ्यातील किंवा ओढ्याकाठच्या गाळाची. ती भिजवून, तुडवून, चाळलेली लीद किंवा राख मिसळून तिला अंग आणायचे. भाजायच्या वस्तूंसाठी आवा रचायचा तो शेणी, पाचट आणि भुसा यांचा. रंग द्यायचा तो गेरूचा, चुन्याचा, काजळीचा आणि क्वचित निळीचा. या सामग्रीत लांबून आणावे लागेल असे फारसे काही नव्हते, आणि जे उरे ते परसात टाकले तरी कोणाचे बिघडत नसे.

या सर्व खटाटोपाचा मोबदला नाण्यांत क्वचितच मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे साक्षेपी आणि पुष्कळसे कठोर वर्णन केले आहे ते वाचले म्हणजे कुंभाराचे स्थान ध्यानात येते: खळ्यावर रास पडली की ओळीप्रमाणे आपल्या वाट्याच्या पेंढ्या किंवा मापे त्याने घ्यावीत, आणि वर्षभर गावाला लागतील ती भांडी व सणाच्या वस्तू पुरवाव्यात. बैलाला किंमत नव्हती, कारण तो विकला जात नसे. तो हक्काने येई. मात्र या गोष्टीकडे आज हळवेपणाने पाहण्याचा जो प्रघात पडला आहे त्यात मला सामील व्हावेसे वाटत नाही. बलुते हे कराराइतकेच बंधनही होते. पीक बुडाले की कुंभाराचा वाटाही बुडे, पाटलाच्या घरचा मान आधी आणि इतरांचा मागाहून हे ठरलेले असे, आणि कुंभाराच्या मुलाने चाकाखेरीज दुसरे काही करू नये ही गावाची अपेक्षा होती. शाहू छत्रपतींनी ज्या राज्यात जातीनिहाय वसतिगृहांना आश्रय दिला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या राज्यातील कुंभाराची पोरे शाळेत जाऊन या चाकापासून दूर झाली असतील तर तो ऱ्हास म्हणून नोंदवणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळाच आहे. बंधन गेले हे उचितच झाले. पण त्याबरोबर मातीवरचा हक्क आणि धान्यातला वाटाही गेला, आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही.

कुंभाराच्या वस्तूंखेरीज मुलांनी स्वतःच करून घ्यायची खेळणी हा एक मोठा प्रांत होता. सागरगोटे झुडपावरून मिळत, चिंचोके चुलीपाशी सापडत, विटी आणि दांडू बाभळीच्या फांदीतून निघत. भोवरा तेवढा सुताराकडून किंवा कातारीकडून आणावा लागे. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली करीत, आणि तिचे लग्न शेजारच्या बाहुल्याशी लागून त्यात खऱ्या पंक्ती उठत. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोलीच्या टेकडीवर वाहण्यासाठी पेठापेठांतून यात्रा निघतात तेव्हा ‘पी ढबाक्’ असा जो स्वर अवघ्या शहरात घुमतो, त्यातील ‘पी’ची, म्हणजे पिपाणीची, लहान भावंडे त्याच यात्रेत मुलांच्या ओठी असत. सारेच काही गावचे होते असे मात्र समजू नये. ज्या कवड्यांनी पट मांडला जाई त्या कवड्या हिंदी महासागरातून, बहुतांशी मालदीवच्या बेटांकडून, शतकानुशतके व्यापाराने येत असत.

या खेळण्यांपैकी जोंधळ्याच्या धाटाची गाडी मला विशेष बोलकी वाटते. धाटाच्या आतील मऊ भेंडाचे तुकडे आणि बाहेरची ताठ सालपटे यांच्या जुळणीतून मुले चाके, जू, साटी आणि बैलसुद्धा उभे करीत, आणि खेळ संपला की गाडी गुरांच्या वैरणीत जाई. वस्तूच्या शेवटाची याहून चोख तजवीज कोणत्याही कारखान्याला साधणार नाही. ही गाडी कोणी बंद पाडली? विलायती खेळण्यांनी नव्हे, प्लॅस्टिकनेही नव्हे. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे जे प्रचंड कार्य विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले आणि जे त्यांच्या पश्चात दीर्घकाळाने पूर्णत्वास गेले, त्याच्या पाण्याने भोगावतीचे खोरे भिजले. १९३० च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकारी कारखान्यांची मालिकाच लागली, आणि ज्या रानात जोंधळा डुलत होता तेथे ऊस आला. या जिल्ह्याचा अभ्युदय त्या उसाने केला यात शंका नाही. पण जोंधळा गेला तशी धाटेही गेली, आणि मुलांच्या हातची गाडी कोणाच्याही लक्षात न येता नाहीशी झाली. खेळणे हे असे पिकाशी, पाण्याशी आणि जमिनीच्या वापराशी बांधलेले असते. त्याचा विचार दुकानाच्या फळीपासून सुरू करणारे लोक अर्धीच कथा वाचतात.

कोल्हापूरच्या बाजारात दुसरे देशी खेळणे येई ते आंबोलीचा घाट चढून, सावंतवाडीहून. तेथील चितारआळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची खेळणी, फळांच्या परड्या, पाट आणि पाळणे होत, आणि त्यांवर लाखेचा लेप चढवला जाई. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याने निर्माण केलेली लाख रंगात मिसळून तिच्या कांड्या करतात. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि केवड्याच्या पानाने घासले की तिला झळाळी येते. याच नगरीत गंजिफांची कला संस्थानिकांच्या आश्रयाने वाढली: दशावतारी गंजिफेची १२० वाटोळी पाने कागद-कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, रंगवून, वर लाख चढवून सिद्ध होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला शेवटचा श्वास घेत असता सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेऊन राजवाड्यातच तिची कार्यशाळा थाटली, आणि अलीकडे तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. खेळण्यांचे मात्र तितके भाग्य नव्हते. लाखेच्या जागी सोयीचे तैलरंग आले, पांगारा पूर्वीसारखा सहज मिळेनासा झाला, आणि आज जी लाकडी फळे आपण कौतुकाने देशी म्हणून घरी आणतो त्यांतील अनेकांच्या अंगावरचा रंग कारखान्यातला असतो.

या रंगांची कथाही थोडी जुनी आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात मंजिष्ठेचा लाल व निळीचा निळा हे दोन्ही प्राचीन रंग प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. कारागिराला ते स्वस्त आणि भडक रंग आवडले. कारखान्यातल्या काही रंगांत शिसे होते आणि लहान मूल खेळणे तोंडात घालते, या दोन गोष्टींचा एकत्र विचार व्हायला फार काळ लागला. आपल्या देशात रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला.

दरम्यान बाजारपेठेत जर्मनीची पत्र्याची, चावीवर चालणारी खेळणी आणि जपानची सेल्युलॉइडची हलकी, पण चटकन पेट घेणारी बाहुली आली. शहरी मध्यमवर्गाच्या कपाटात ती विराजमान झाली. वर्ध्याला १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे धुरीण जे. सी. कुमारप्पा यांनी, जी अर्थव्यवस्था निसर्गाचे भांडवल न खाता त्याच्या चक्रात राहून चालते तीच चिरस्थायी, असा सिद्धान्त पुढील दशकात ग्रंथरूपाने मांडला. त्याच सुमारास बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया आणि काटक्या वापरून बालवाडी चालवून दाखवली. कोल्हापूरच्या कुंभाराला हे दोन्ही प्रयोग ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ठाऊक असते तरी बाजाराचा ओघ त्याच्या हाती नव्हता. १९५७ साली मुंबईत पॉलिस्टायरीनचा कारखाना सुरू झाला, दोन वर्षांनी पॉलिथिलीनही देशातच बनू लागले, आणि जत्रेतला खुळखुळा, पिपाणी, भिंगरी, भातुकली, सारे एकेक करून प्लॅस्टिकचे झाले. स्वस्त, न फुटणारे, धुता येणारे. आईबापांनी ते पसंत केले तर त्यांना दोष देता येत नाही.

कुंभारवस्तीवर खरा आघात झाला तो मात्र प्लॅस्टिकचा नव्हे, प्लॅस्टरचा. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की घटकाभरात मूर्ती हाती येते. वजनाला हलकी, वाहतुकीत न तुटणारी, आणि मुख्य म्हणजे वाळवण्याची चिंता नसलेली. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा मातीचा बैल वाळवणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तोच या मोहाचे मोल जाणेल. गणपतीबरोबर बैल, नाग आणि किल्ल्यावरचे मावळेही प्लॅस्टरचे झाले. पण हा बैल विरघळत नाही. तो अंगणातून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जातो, जी नदी आधीच इचलकरंजीपर्यंतच्या सांडपाण्याने पीडित आहे. मूर्तींपुरती या शहराने वेळीच जाग दाखवली: विसर्जित मूर्ती दान करण्याची चळवळ येथे रुजली, रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत विसर्जन होऊ लागले, आणि नदीकाठचा तो सोहळा बऱ्याच अंशी नदीबाहेर नेण्यात कोल्हापूरने महाराष्ट्राला उदाहरण घालून दिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० साली ती कडक करून प्लॅस्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्मितीची मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयांत विसर्जनाला लगाम घातला. या साऱ्या हुकूमनाम्यांत मूर्तीचा विचार आहे. बैलाचा आणि मावळ्याचा कोठेही नाही. इतक्या लहान वस्तूची दखल सरकारने पूर्वी महसुलासाठी घेतली नाही, आता प्रदूषणासाठीही घेतलेली दिसत नाही.

खेळण्यांविषयी सरकारी नियमन आले ते वेगळ्या दाराने. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २०२० साली निघून १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आयात खेळण्यांवरील जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेण्यात आली. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्या आदेशातून सूट आहे, हे योग्यच झाले. पण नोंदणी ही ज्याला कागद करता येतो त्याची असते. पावसाच्या तोंडावर आठवडाभर बैल विकून पुन्हा विटांच्या कामाला जाणाऱ्या कुंभारणीने ती करावी अशी अपेक्षा धरणे हे कचेरीत बसून सुचलेले शहाणपण आहे.

सातासमुद्रापलीकडे काय चालले आहे तेही पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कच्या लेगो या जगप्रसिद्ध कंपनीने २०१५ साली टिकाऊ द्रव्यांच्या संशोधनासाठी शंभर कोटी क्रोनरची तरतूद केली आणि २०१८ पासून आपल्या संचातील झाडेझुडपे उसापासून काढलेल्या पॉलिथिलीनची बनवण्यास आरंभ केला. ज्या उसाने आमच्या मुलांच्या हातून धाटाची गाडी काढून घेतली त्याच उसाची खेळण्यातली झाडे परदेशात व्हावीत, या योगायोगावर कोल्हापूरकराने थोडे हसून घ्यावे. पण हेही ध्यानात ठेवावे की उसापासून झाले तरी ते पॉलिथिलीनच, आणि कच्च्या मातीसारखे ते पावसात विरघळत नाही. पुढे बाटल्यांच्या टाकाऊ प्लॅस्टिकपासून विटा करण्याचा प्रयोग त्याच कंपनीने २०२१ साली जाहीर केला आणि २०२३ साली सोडून दिला, कारण त्यासाठी नवी यंत्रसामग्री उभारण्यात कर्बवायू कमी होण्याऐवजी वाढला असता. इतक्या सधन कारखान्याला जो हिशेब जुळवता आला नाही तो गाळाच्या बैलाला जुळत होता, याचे कारण बैल अधिक चतुर होता असे नाही. तो कमी टिकावा यातच त्याचे सार्थक होते, आणि कारखान्याला मात्र पिढ्यानपिढ्या टिकणारी वीट हवी असते. दोन्ही मार्ग आपापल्या ठिकाणी ग्राह्य आहेत. जे टिकतही नाही आणि विरघळतही नाही, असे आठवड्यात मोडणारे आणि शतकभर उरणारे खेळणे तेवढे अग्राह्य. आणि दुर्दैवाने आपल्या जत्रांतून आज तेच विकले जाते.

म्हणून पुन्हा मातीच्या हक्काकडे येतो. महाराष्ट्राच्या गौण खनिजांच्या नियमांत परंपरागत कुंभाराला ५०० ब्रासपर्यंत माती स्वामित्वधनावाचून नेण्याची सवलत आहे. बलुत्यातल्या जुन्या हक्काचा हा कायद्यात शिल्लक राहिलेला अवशेष म्हणावा लागेल. व्यवहारात ती सवलत बहुतांशी वीटभट्टीच्या उपयोगी पडते, आणि वीटभट्टी शेताचा सुपीक थर खरवडून नेते ही तिची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. मातीचे म्हणून जे जे असेल ते सारे निर्दोष, अशा भ्रमात कोणी राहू नये. मूर्तीसाठी लागणारी शाडूची माती तर आता थेट गुजरातेतून मालमोटारींनी येते. बैलाला शाडू लागत नाही, भट्टीही लागत नाही. त्याला तळ्यातला गाळ पुरतो. २०१७ पासून राज्यात धरणे आणि तलाव यांतील गाळ काढून शेतात टाकण्याची योजना आहे, आणि शेतकऱ्याला तो मिळावा हे उचितच आहे. त्या गाळाच्या वाटपात कुंभाराच्या नावाने मात्र वेगळा वाटा ठेवलेला नाही.

तो ठेवावा, अशी या लेखाची जिल्हा प्रशासनाला विनंती आहे: कळंब्यासारख्या तलावातून गाळ निघेल तेव्हा त्यातील काही ब्रास शहरातील कुंभारवस्त्यांना उन्हाळ्यातच, बेंदराच्या दोन महिने आधी, पोहोचते करावेत, आणि वाळवणीसाठी एखादी पत्र्याची शेड महापालिकेने पावसाळ्यापुरती मोकळी करून द्यावी. वाचकांना सांगणे याहून सोपे आहे. येत्या बेंदराला बैलांची जोडी घेताना ती कच्च्या मातीची आहे ना हे नखाने खरवडून पाहावे, आणि कुंभारीण जो भाव सांगेल तो घासाघीस न करता द्यावा.